बारवेत फावडं उतरवण्याआधी: गावच्या वारसा मंडळात नव्यानं येणाऱ्यांसाठी

गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, साफ करायची ठरली की पहिल्या रविवारी पन्नास माणसं येतात आणि चौथ्या रविवारी सात उरतात. हा लेख त्या सातांसाठी आहे, आणि त्यांच्यात आठवा म्हणून येऊ पाहणाऱ्यासाठी. बारव, पुष्करणी (देवळाजवळचं पायऱ्यांचं कुंड), वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड), जुनी वेस, पार अशा गावच्या वास्तूंवर काम करणारा गट कसा चालतो, सभेत काय होतं, परवानगी कुठे लागते आणि हातानं काम करताना कुठे चुकतं, ते क्रमानं सांगतो. उदाहरण बहुतेक ठिकाणी बारवेचंच घेतलं आहे. बारवेत दगड, माती, पाणी, झाडं, श्रद्धा आणि सातबारा असे सगळे प्रश्न एकाच खड्ड्यात भेटतात.

आधी सभेला या

महिन्यातून एक सभा पुरते, पण दिवस ठरलेला हवा: दुसरा शनिवार, संध्याकाळी सात, देवळाचा सभामंडप, असं काहीतरी. आठवडी बाजाराचा आणि पालखीचा दिवस टाळा. सभा दीड तासाच्या आत संपवा. विषयपत्रिकेत पाचपेक्षा जास्त विषय नकोत: मागच्या इतिवृत्ताचं वाचन, झालेल्या कामाचा हिशोब, पुढचं काम, नव्या नोंदी आणि पुढच्या सभेची तारीख. नवीन माणसानं पहिल्या दोन-तीन सभांत इतिवृत्त लिहायला घ्यावं. त्यातून कोण काय करतं ते कळतं आणि कुणाच्या पायावर पाय पडत नाही.

इतिवृत्तात भाषणं लिहायची नसतात. प्रत्येक ठरावाखाली चार गोष्टी आल्या की झालं: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि खर्च कुणाचा. ‘बारवेची स्वच्छता करण्याचे सर्वानुमते ठरले’ हा ठराव नाही, ती इच्छा आहे. ‘पूर्वेच्या जिन्यावरील गवत २० डिसेंबरपर्यंत काढणे, सहा जण, विळे घरचे, खर्च नाही’ हा ठराव. कागद नीट ठेवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानं सुरुवातीच्या काळापासून वार्षिक इतिवृत्तं छापली, म्हणून तिथे काय वाचलं गेलं, कोणता कागद सापडला, हे आज शंभर वर्षांनंतरही उघडून पाहता येतं. गावच्या गटाला छपाई नको, दोनशे पानी वही पुरे. मात्र ती वही व्हॉट्सॲप ग्रुपवर चालवू नका. फोन बदलला की इतिहास गेला.

सभा बिघडते ती जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी: बारव कुणी बांधली? एक जण म्हणतो आमच्या पूर्वजांनी, दुसरा म्हणतो अहिल्याबाईंनी, तिसरा म्हणतो पांडवांनी एका रात्रीत. यावर नियम करून टाका की इतिहासावर मतदान घ्यायचं नाही. प्रत्येक दावा सांगणाऱ्याच्या नावासह वहीत जातो, शेजारी ‘पुरावा’ असा रकाना असतो आणि तो रिकामा असला तर रिकामाच राहतो. अहिल्याबाई होळकरांनी खरोखरच खूप विहिरी आणि बारवा बांधल्या, आणि म्हणूनच पुरावा नसलेली प्रत्येक बारव त्यांच्या नावावर जाते. ‘हेमाडपंती’ या शब्दाचंही तेच झालं आहे. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांच्या दरबारातला. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. चुन्याशिवाय दगड रचण्याची पद्धत हेमाद्रीच्या आधीपासून होती, तेव्हा कोरड्या सांध्याची भिंत दिसली की लगेच तेरावं शतक लिहू नका. ‘कोरडं बांधकाम’ एवढंच लिहा.

जागा कुणाची, स्मारक कुणाचं

फावडं उचलण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत.

पहिला: जमीन कुणाची? तलाठ्याकडून गट नंबर काढा, सातबारा पाहा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा नकाशा घ्या. बारव गावठाणात असली तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही) पाहावा लागतो. अनेक बारवा देवस्थान इनामात आहेत, काही शेतकऱ्याच्या खाजगी गटात आहेत. खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, ‘हो, करा की’ यावर विसंबू नका. काम संपून पाणी वर आलं की तोंडी संमतीचा अर्थ बदलतो.

दुसरा: वास्तू संरक्षित आहे का? केंद्र संरक्षित असेल तर ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असते आणि १९५८चा कायदा लागू होतो. २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. स्मारकाची मोडतोड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आम्ही साफ करत होतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. राज्य संरक्षित असेल तर १९६०चा महाराष्ट्राचा कायदा, आणि गाठायचं ते पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं विभागीय कार्यालय. निळा फलक नाही म्हणून स्मारक असंरक्षित समजू नका. फलक गंजतात, चोरीला जातात. यादीत नाव पाहा, नाहीतर कार्यालयाला अर्ज करून लेखी उत्तर मागवा.

संरक्षित वास्तूवर स्वयंसेवकांना काहीच करता येत नाही असं नाही. राज्याची महाराष्ट्र वैभव ही स्मारक संगोपन योजना त्यासाठीच आहे. संस्था शासनाशी करार करून देखभालीची जबाबदारी घेऊ शकते. पण त्यासाठी संस्था नोंदलेली लागते आणि दुरुस्ती विभागाच्या देखरेखीखाली होते. नव्या गटानं इथून सुरुवात करू नये.

गावातल्या बहुतेक बारवा मात्र कोणत्याच यादीत नाहीत. तिथे ग्रामसभेचा ठराव हाच तुमचा आधार. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. विषय आठ-दहा दिवस आधी ग्रामसेवकाकडे लेखी द्या, ऐनवेळच्या विषयात ढकलू नका. ठरावात ‘सुशोभीकरण’ हा शब्द येऊ देऊ नका. त्या एका शब्दातून पेव्हर ब्लॉक, ऑइल पेंट आणि स्टीलचे कठडे येतात. ‘स्वच्छता, नोंद व मूळ स्वरूपात जतन’ असं लिहून घ्या.

पहिला महिना: फक्त मोजायचं

हौशी माणसाला सगळ्यात जड जाणारा भाग हाच. पण गाळ काढल्यावर, गवत कापल्यावर, दगड हलल्यावर आधी काय होतं ते पुन्हा कुणालाच सांगता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर यासाठी बरा: पाऊस थांबलेला, ऊन सोसवणारं.

सामान थोडंच लागतं. ३० मीटरची फायबर टेप, ५ मीटरची छोटी टेप, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, होकायंत्र, आलेख कागद, पेन्सिल, खडू, टॉर्च, आणि दर १० सेंटिमीटरला काळा-पांढरा रंग दिलेली एक मीटरची काठी. पेननं नोंदी करू नका, घामानं आणि पाण्यानं शाई पसरते.

वरून दिसणारा आराखडा आधी काढा, १ सेंटिमीटरला १ मीटर या प्रमाणात. चौकोनी दिसणारी बारव क्वचितच चौकोनी असते, म्हणून चार बाजूंसोबत दोन्ही कर्ण मोजलेच पाहिजेत. फक्त बाजू मोजून काढलेला नकाशा घरी कागदावर बंद होत नाही आणि मग लोक आकडे ‘जुळवून’ घेतात. त्यानंतर खोली. काठावरून ओळंबा सोडा आणि प्रत्येक टप्प्याची, तसंच पाण्याच्या पातळीची नोंद तारखेसह करा. पायऱ्या मोजताना संख्या, उंची आणि रुंदी तिन्ही लिहा. बुडालेल्या पायऱ्या अंदाजानं लिहायच्या नाहीत, ‘पाण्यावर २३’ असं लिहायचं.

प्रवेश किती ते पाहा. अपराजितपृच्छा या जुन्या शिल्पग्रंथात एका मुखाची नंदा, दोन मुखांची भद्रा, तीन मुखांची जया आणि चार मुखांची विजया असे प्रकार दिले आहेत. नोंद करताना हे सोयीचं आहे, पण मोटेसाठी नंतर फोडलेली वाट मुख म्हणून मोजू नका. मोटेची जागा वेगळी ओळखू येते: काठावर पुढे आलेले दोन दगड, मागे बैलांची धाव आणि पाणी ओतायचं थारोळं. साताऱ्याजवळ लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर हे सगळं एका जागी पाहायला मिळतं. नव्या सदस्यांची पहिली सहल तिथेच न्यावी. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार जिन्याची बारव किंवा अमरावतीकडे महिमापूरची अनेक मजली बारव पाहिली की ‘बारव म्हणजे चौकोनी खड्डा’ हा समजही जातो.

फोटो आठ दिशांनी, मग प्रत्येक देवळीचा (भिंतीतल्या कोनाड्याचा) एक समोरून आणि एक काठीसह. फाइलला नाव देताना गाव, बाजू, देवळीचा क्रमांक आणि तारीख घाला. हे त्याच रात्री करा, आठवड्यानं कुठली देवळी कुठली ते आठवत नाही.

शिलालेख सापडला तर अक्षरांत खडू, रांगोळी, पीठ, कुंकू काहीही भरू नका. खडूनं गिरवताना आपण अक्षर वाचत नाही, आपल्याला वाटतं ते लिहितो, आणि पुढच्या वाचकाला तेच दिसतं. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या जवळजवळ समांतर, एका कडेनं धरा. खोल अक्षरांत सावली पडते. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्या. लेखात शक असेल तर ७८ मिळवून इसवी सन येतो, मात्र पौष ते फाल्गुन या काळात बहुधा ७९ मिळवावे लागतात. शुहूर सन (जुन्या मराठी कागदांत येणारी कालगणना) असेल तर मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. मोडी किंवा झिजलेली देवनागरी असेल तर जाणकाराकडे फोटो पाठवा. घाईनं वाचून फलक लावणं टाळा, दगडी फलकावरची चूक तीन पिढ्या टिकते.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना ‘बारव किती जुनी?’ असं विचारू नका. ‘तुमच्या लहानपणी पाणी कुठल्या पायरीपर्यंत असायचं? कोण भरायचं, कोणाला भरू द्यायचे नाहीत? गाळ शेवटचा कधी काढला?’ असं विचारा. या प्रश्नांची उत्तरं त्यांना खरोखर माहीत असतात. पाणवठ्यावर कुणाला मज्जाव होता हेही लिहून घ्या. गोड नसलं तरी तो बारवेचाच इतिहास आहे.

गवत, रोपं आणि मुळं

गवत विळ्यानं कापा. मुळासकट ओढलं तर सांध्यातली माती आणि चिपा बाहेर येतात. पेटवून देणं तर नकोच. तापलेला दगड पापुद्र्यांनी सुटतो आणि कोनाड्यातले प्राणी होरपळतात.

खरा शत्रू पिंपळ, वड आणि उंबर. पेन्सिलीपेक्षा बारीक रोप पावसाळ्यात माती ओली असताना अलगद निघतं. त्याहून जाड झालं की ओढायचं नाही. मूळ दोन दगडांमध्ये शिरून फुगलेलं असतं आणि आता तेच त्यांना धरून असतं. ते उपटलं की दगड सोबत येतो. खोड भिंतीलगत दोन बोटं ठेवून करवतीनं कापा आणि फुटवा आला की दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कापा. पानं मिळाली नाहीत की दोन-तीन हंगामांत मूळ उपाशी मरतं. वाळलेलं मूळ तसंच आत राहू द्या. बुंध्यावर मीठ किंवा ॲसिड ओतण्याचा सल्ला हमखास मिळतो. मीठ दगडात मुरतं आणि सुकताना त्याचे स्फटिक पृष्ठभाग फोडतात. तणनाशक पाण्याच्या जागी आणायचंच नाही. मोठं झाड असेल तर तोडण्याआधी परवानगीचं बघा, आणि पिंपळ असेल तर गावातल्या जाणत्यांशी आधी बोला. परवानगीपेक्षा हे जास्त वेळ खातं.

कमानीखाली आग्या मोहोळ असेल तर त्या भागात काम बंद. अत्तर, धूर, मोठा आवाज यांतलं काहीही तिथे नको. साप दिसला तर सर्पमित्र, काठी नाही.

पाणी आणि गाळ

इथे माणूस जाऊ शकतो, म्हणून सावकाश वाचा.

काम चैत्र-वैशाखात, पाणी तळाला गेल्यावर. मृगाच्या किमान तीन आठवडे आधी ते बंद व्हायला हवं.

पाणी उपसताना मोठा पंप लावून एका दिवसात तळ गाठायचा मोह होतो. भिंतीमागची माती पाण्यानं भरलेली असते. आतलं पाणी असतं तोवर ते भिंतीला आतून टेकू देतं. आतलं झटकन गेलं आणि मागचं तसंच राहिलं की सगळा दाब भिंतीवर येतो, ती पोट काढते किंवा बसते. दिवसाला दोन फुटांपेक्षा जास्त पातळी उतरवू नका आणि रोज सकाळी सांध्यांतून येणारं पाणी पाहा. स्वच्छ झिरपत असेल तर ठीक. गढूळ आलं तर मागची माती वाहून येते आहे. उपसा थांबवा, पाणी पुन्हा चढू द्या आणि अभियंत्याला दाखवा.

पंपाचं इंजिन कधीही खाली उतरवायचं नाही. डिझेल किंवा पेट्रोल इंजिनाचा धूर खोलगट जागेत साचतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन काठापासून दूर, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे धूर बारवेकडे येत नाही; फक्त पाइप खाली जाऊ द्या. विजेचा पंप असेल तर गळती-संरक्षक स्विच हवाच, आणि पंप चालू असताना पाण्यात कुणी उभं राहू नये.

उघड्या जिन्याच्या बारवेत हवा खेळती असते, पण मधली विहीर खोल आणि अरुंद असेल तर तळाला प्राणवायू कमी पडतो. कुजलेला गाळ ढवळला की विषारी वायूही सुटतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे: तो विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण तो जळतो म्हणजे हवा सुरक्षित असं नाही, आणि ज्वलनशील वायू असेल तर तीच ज्योत घात करते. अग्निशमन दलाकडून वायूमापक मागवा. उतरण्याआधी पंख्यानं किंवा ब्लोअरनं तासभर हवा खेळवा आणि काम चालू असतानाही तो चालू ठेवा. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा आणि दोर, वर दोर धरणारे दोघे, त्यांना दुसरं काही काम नाही. खालचा माणूस गप्प झाला तर त्याच्या मागे कुणीही उडी मारायची नाही. विहिरीतल्या अपघातात दुसरा आणि तिसरा बळी असाच जातो. दोरानं ओढा, ११२ आणि १०८ला फोन करा. हे वाक्य कामाच्या दिवशी सकाळी मोठ्यानं वाचून दाखवायचं, सगळ्यांना पाठ असलं तरी.

आता गाळ. दहा बाय दहा फुटांच्या तळावर एक फूट गाळ म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. ओला असताना त्याचं वजन साडेचार-पाच टन भरतं. घमेल्यात बारा किलो धरले तर चारशे घमेली. साखळीतून मिनिटाला दोन घमेली वर आली तर साडेतीन तास लागतात, चहा वगळून. उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेनऊ एवढंच काम होतं, तेव्हा दिवसाला एक ब्रास हे तीस माणसांच्या गटाचं प्रामाणिक माप. ज्यांनी ‘दोन रविवारांत बारव मोकळी’ असं जाहीर केलं, त्यांनी हा हिशोब केलेला नसतो आणि तिसऱ्या रविवारी जेसीबी येतो. हे यंत्र साडेसात टनांच्या आसपास वजनाचं. काठाजवळ उभं राहिलं की भार थेट भिंतीमागच्या मातीवर येतो आणि बादलीचे दात पायरीची कड उडवतात. कोणतंही वाहन, भरलेली ट्रॉलीसुद्धा, बारव जितकी खोल तितकं काठापासून लांब ठेवा.

साखळीत माणसं एक पायरी सोडून उभी करा, प्रत्येकाच्या पायात बूट आणि हातात हातमोजे हवेत. वरच्या दोन-तीन फुटांत बाटल्यांच्या काचा, सुया, निर्माल्य आणि मूर्तींच्या सांगाड्यांच्या तारा निघतात. तो कचरा वेगळा. त्याखालचा गाळ काठावर टाकू नका, पहिल्या वळवाच्या पावसात तो परत आत जातो. चाळून झाल्यावरच शेतात द्या. शेतकरी खुशीनं नेतात आणि वाहतुकीचा खर्च वाचतो.

काही सापडलं तर

घडीव दगड, मूर्ती, नाणी, अखंड मडकं लागलं की त्या जागेचं काम थांबतं. जागेवरच काठीसह फोटो, काठापासूनची खोली, कोणत्या भिंतीपासून किती अंतर, ही नोंद झाल्यावरच हात लावायचा. मूर्ती लगेच धुवायची नाही. सावलीत, ओल्या गोणपाटात ठेवा. ओला दगड उन्हात एकदम सुकला तर पापुद्रे सुटू शकतात. सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी यांच्यासमोर पंचनामा करा, तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते. ‘आमच्याकडे सुरक्षित आहे’ म्हणून कुणाच्या घरी ठेवायची नाही. गटावर संशय येतो तो इथेच, आणि तो पुसत नाही.

सुटे पडलेले बांधकामाचे दगड ज्या भिंतीखाली सापडले त्याच बाजूला, ओळीनं, खडूनं क्रमांक घालून मांडा. ऑइल पेंटनं आकडे टाकू नका. देवळात बसायला बरा दगड म्हणून एखादा उचलला गेला की भिंत पुन्हा कधीच पुरी होत नाही.

सिमेंट नको, पण चुनासुद्धा सरसकट नको

घट्ट बसाल्टमधून पाणी फारसं जात नाही. ते वाट काढतं सांध्यांतून. कोरड्या बांधणीचे सांधे हेच त्या भिंतीचे निचरे असतात. ते ‘मजबुतीसाठी’ सिमेंटनं बुजवले की मागचं पाणी कोंडतं आणि चांगली भिंत पुढच्या चार-पाच पावसाळ्यांत फुगते. कोकणात जांभ्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल जांभ्यातून बाहेर यायला बघते आणि चिऱ्याचा चेहरा भुगा होऊन पडतो. म्हणून मूळ बांधणी कोरडी असेल तर दुरुस्तीही कोरडी: तोच दगड, तीच जागा, मागे चिपांचा भराव.

जिथे मुळात चुना आहे, फक्त तिथेच चुना. हे काम गवंड्याचं आहे, रविवारच्या मंडळींचं नाही. मात्र देखरेख करणाऱ्याला पायऱ्या ठाऊक असाव्यात. कळीचा (न विझलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी येते आणि शिंतोडे डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवा. विझलेला चुना चाळून किमान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर पाण्याखाली ठेवा. अर्धवट विझलेली कळी भिंतीत गेली की नंतर फुगून गिलावा उडवते. एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटेची पूड), दोन भाग स्वच्छ नदीची वाळू हे सुरुवातीचं प्रमाण, पण आधी जुन्या चुन्याचा तुकडा तपासून घ्या. गूळ आणि हिरडा भिजवलेलं पाणी घालतात, तेही बेतानं. गूळ जास्त झाला तर चुना आवळायला वेळ घेतो आणि मुंग्या लागतात. एका हातभर जागेवर नमुना करून महिनाभर पाहा, मग पुढे जा. काम झाल्यावर दहा-पंधरा दिवस ओलं गोणपाट लागतंच. ते टाळलं की वरून पांढरं आणि आतून भुसभुशीत. एप्रिलच्या उन्हात चुन्याचं काम काढूच नका.

साफसफाईला पाणी, नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा मऊ ब्रश आणि बांबूची काडी. तारेचा ब्रश, ॲसिड, वाळूचा फवारा, गाड्या धुण्याचा दाबाचा पंप, सगळं बाद. मूर्तीवर शेंदराची पुटं असतील तर ती खरवडू नका. ती पुजली जाणारी मूर्ती आहे, आणि पुटाखाली दगड कसा आहे ते तुम्हाला दिसत नाही. महाशिवरात्रीला बारवांत दिवे लावायची चांगली रीत आता बऱ्याच गावांत आली आहे. फक्त पणती थेट दगडावर न ठेवता पत्रावळीवर ठेवा. तेलाचा डाग मुरला की निघत नाही.

काठावरचे वीरगळ

बारवेच्या आसपास, बांधावर, पारावर वीरगळ आणि सतीशिळा असतात. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला कलश, आणि बहुधा चंद्र-सूर्य. काटकोनात वळलेला, बांगड्या घातलेला हात म्हणजे सती. गाढव कोरलेला दगड असेल तर तो गद्धेगाळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. त्यावर लेख असू शकतो, अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४चा प्रसिद्ध लेख अशाच दगडावर आहे. लोक लाजून तो पालथा घालतात, तेव्हा पालथे दगडही पाहा.

सगळे वीरगळ गोळा करून देवळापुढे सिमेंटच्या ओट्यात रोवायची हौस गावोगावी आहे. करू नका. जागा हाच त्या दगडाचा अर्धा मजकूर आहे, आणि सिमेंटमध्ये गाडलेला खालचा पट्टा कायमचा जातो. रस्त्याच्या कामामुळे हलवावाच लागला तर आधी जागेचे अक्षांश-रेखांश, तोंड कोणत्या दिशेला, किती इंच जमिनीत, हे लिहा. चार फूट उंच, दीड फूट रुंद, आठ इंच जाड बसाल्टचा दगड सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो. चौघांनी उचलायचा नाही. पहार, लाकडी ओंडके आणि मध्ये गोणपाट घेऊन सरकवायचा.

पैसा आणि नोंदणी

पहिलं वर्ष नोंदणीशिवाय काढा. रोख वर्गणी घेऊ नका, वस्तू घ्या: एकानं डिझेल, एकानं घमेली, एकानं नाश्ता. बँक खातं, देणग्या किंवा शासनाशी करार हवा असेल तेव्हाच नोंदणी. किमान सात सभासद, घटना आणि नियमावली घेऊन धर्मादाय कार्यालयात १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद होते. त्यानंतर दरवर्षी हिशोबतपासणी, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. गावोगावच्या संस्था इथेच अडकतात. अध्यक्ष तीनदा बदललेला असतो, कागदावर मात्र पहिलाच असतो आणि बँक सही स्वीकारत नाही. आयकराच्या ८०जीची सवलत मिळवलीत तरी दोन हजारांवरची रोख देणगी त्यात बसत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

काम झाल्यावर

गाळ निघालेली बारव पुढच्या तीन वर्षांत पुन्हा भरते, जर गटारीचं पाणी आत येत असेल तर. म्हणून काठाबाहेरचा उतार, गटारीची दिशा आणि गणपती विसर्जनासाठी वेगळा हौद या गोष्टी ग्रामपंचायतीकडून आधी ठरवून घ्या. वर्षाला दोन फेऱ्या लावा. वैशाखात: सुटे दगड, भिंतीचा फुगवटा, पाण्याची सर्वात खालची पातळी. कार्तिकात: नवी रोपं, कोसळलेला भाग, पाण्याची सर्वात वरची पातळी. फुगवटा डोळ्यांनी मापू नका. काठावरून ओळंबा सोडून दोऱ्यापासून भिंतीचं अंतर दर दोन फुटांवर मोजा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा. दोन फेऱ्यांत बोटभर फरक पडला तर त्या भिंतीखालची वाट दोरी बांधून बंद करा आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो पहिला विषय ठेवा.